हिलालनानांची बकरी

हिलालनाना टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघायचे. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर लाकडी पेटीत बंद केलेला संच होता. पेटीच्या कुलपाची किल्ली नानांकडे असे, कारण ते प्राथमिक शाळेतले गुरुजी होते आणि गुरुजी माणूस किल्ली हरवत नाही असा तेव्हा समज होता. शनिवारी संध्याकाळी ते पेटी उघडत, बटण फिरवत, पडद्यावरच्या मुंग्या जाऊन माणसं दिसू लागेपर्यंत छपरावर चढवलेल्या पोराला ओरडून अँटेना फिरवायला लावत. चित्र स्थिर झालं की पडद्याखालीच गोणपाट टाकून आमच्याकडे तोंड करून बसत. पडद्यावर कोणी गात असे, कोणी टोपीतून कबुतर काढत असे, कोणी नकला करत असे. नाना सगळा वेळ आमच्याकडे बघत.

मी त्या शाळेत नव्यानेच लागले होते. एकदा न राहवून म्हटलं, "नाना, तुम्हाला तर काहीच दिसत नाही."

"दिसतं ना बाई. तिकडे काय चाललंय ते तुमच्या तोंडांवर दिसतं. शिवाय पडदा काळा-पांढरा आहे, तोंडं रंगीत आहेत."

या बघण्यातून त्यांनी एक शास्त्र तयार केलं होतं. "खरं हसणारा माणूस शेजारी बघत नाही. शेजारी बघून मग हसला, तर समजावं की त्याला कळलेलं नाही." हे ऐकल्यापासून मीही चोरून बघू लागले. सरपंच हसण्याआधी तलाठ्याकडे बघत. तलाठी, तालुक्याचा कोणी साहेब आलेला असला तर, त्याच्याकडे बघे. साहेबाला बघायला कोणी नसे, म्हणून तो हसतच नसे. बायका मात्र पदर तोंडाशी नेऊन सरळ हसत, आणि नानांची नजर जास्त करून बायकांच्या बाजूला असे. याचा कोणी वेगळा अर्थ घेतला नाही. नानांची माय त्याच बाजूला पहिल्या रांगेत बसलेली असायची.

आमचं गाव धुळे-शिरपूर रस्त्यापासून थोडं आत. गावात खान्देशी बोलत, आणि शाळेत आम्ही पोरांना ती विसरायला शिकवत असू. नाना वर्गात पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. जोडाक्षरं अशी की फळ्यावर लिहिलेली दिसावीत. वर्गाबाहेर पाऊल पडलं की त्यांच्या तोंडात 'शे' आणि 'व्हता' येत. मी जळगाव शहरात वाढलेली, घरात सगळे कचेरीतले, त्यामुळे मला सुरुवातीला ते बाहेरचे नाना निम्मेच कळत. त्यांना ते माहीत होतं. माझ्याशी ते नेहमी वर्गातल्या भाषेत बोलले. हा मान आहे की दुरावा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पण गावाचे नाना म्हणजे बकरीवाले नाना. लग्नाच्या आदल्या दिवशी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या शेवटी लोक म्हणत, "नाना, बकरी!" मग नाना उठत आणि एकट्याने तिघं उभे करत. दोन जावा आणि एक बकरी. घराच्या सपाट मातीच्या छतावर, म्हणजे धाब्यावर, एकीने ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घातल्यात, दुसरीची बकरी जिन्याने वर आली आहे. पहिली कंबरेवर हात ठेवून ओरडते, "तुन्ही बकरीनी मन्ह्या बिबड्या खाई टाक्यात!" दुसरी गळा काढून सांगते, "मन्ही बकरी उपाशी व्हती. तू ते भरेल पोटनी शे ना!" तिथून भांडण लग्नातल्या मानापानावर जातं, माहेरच्या हुंड्याभांड्यांवर जातं, सासूच्या आजारपणात कोणी किती रात्री काढल्या तिथपर्यंत जातं. आणि दर दोन वाक्यांनंतर नाना मध्येच बकरी होत. बकरी काही बोलत नसे. नुसती चावत असे. डोळे अर्धे मिटून, जबडा आडवा हलवत, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत. शेवटी दोघी रडून एकमेकींच्या गळ्यात पडत, आणि बिबड्या संपलेल्या असत.

त्या दोघी म्हणजे नानांची माय आणि काकू, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माय स्वतःची नक्कल बघताना सर्वांत जास्त हसे. मोठी बहीण, जिला नाना अक्का म्हणत, बोदवडकडे दिलेली होती. ती माहेरी आली की बकरी झाल्याशिवाय जेवत नसे. मी ती नक्कल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला निम्मे शब्द कळले नव्हते, आणि तरी मी शेजारी बघितलं नाही.

कुठल्याशा शिक्षकांच्या स्पर्धेत नाशिकला नानांनी ही बकरी केली आणि मुंबईहून आलेल्या एका निर्मात्याने ती पाहिली. शनिवारच्या ज्या कार्यक्रमाकडे नाना पाठ करून बसत, त्याच कार्यक्रमाचा तो निर्माता. पत्र आलं. गावात अशी हवा झाली की नाना जणू मुंबई आणायलाच निघाले आहेत. शाळेने रजा दिली, पंचायतीने हार घातला. माय एवढंच म्हणाली की बकरी नीट चावू दे, घाई करू नको.

नानांचं म्हणणं साधं होतं. ते मला निघताना म्हणाले, "बाई, त्या पेटीतून आजवर सगळं आलं. दिल्ली आली, लखनौ आलं, पुणं तर दर शनिवारी येतं. आमच्या मायची बोली एकदा त्या पेटीतून यावी. तिला कळावं की ही पेटी आपल्याशीही बोलते. मी समोर बसून तिचं तोंड बघणार."

मुंबईत काय झालं ते नानांनी मला पुढे तुकड्यातुकड्याने सांगितलं. निर्माता सज्जन होता, चहा पाजणारा. तालमीत बकरी बघून तो हसलासुद्धा. मग म्हणाला, "फारच छान. आता फक्त गावाकडच्या भाषेत करा."

"ही गावाकडचीच आहे साहेब."

"नाही हो, ही गुजराती वाटते. शे काय, व्हती काय. आपल्या मराठी गावाकडची करा. आवं, जावं, तसली."

नाना म्हणाले, आमच्या गावात असं कोणी बोलत नाही. निर्माता समजुतीने म्हणाला की असेल, पण महाराष्ट्राला गाव म्हटलं की तेच कळतं. बकरी वगैरे स्टुडिओत जमायचं नाही, दोन बाया एका पुरुषाने करणंही बरं दिसायचं नाही. त्यांच्याकडे एक तयार लिहिलेला प्रवेश होता. खेडवळ माणूस शहरात नातेवाइकाकडे येतो आणि आयुष्यात पहिल्यांदा टीव्ही बघतो. "आवं सायेब, ह्यो मानूस डब्यात कुठनं शिरला वो?" असं विचारत तो संचाच्या मागे जाऊन वाकून बघतो. रंगभूषेच्या बाईंनी नानांना झुपकेदार मिशी चिकटवली आणि डोक्याला लालभडक फेटा बांधला. नानांनी जन्मभर पांढरी टोपी घातली होती. दर शनिवारी टीव्हीचं कुलूप उघडणारा माणूस, टीव्ही पाहून तोंड वासणाऱ्या माणसाचं काम करायला उभा राहिला. ती 'आवं-जावं'ची बोली त्यांनी आयुष्यात कुठे ऐकली होती, तर टीव्हीवरच. टीव्हीवरचं खेडं टीव्हीवर शिकून त्यांनी टीव्हीला परत केलं.

"नकार का नाही दिलात?" मी विचारलं होतं.

"गावाने हार घातलेला होता बाई," नाना म्हणाले.

कार्यक्रम दाखवला गेला त्या शनिवारी ओसरी पुरली नाही. शेजारच्या वस्त्यांमधून बैलगाड्या आल्या होत्या. नानांनी पेटी उघडली, चित्र स्थिर केलं आणि नेहमीसारखं गोणपाट टाकून आमच्याकडे तोंड करून बसले. दोन गाणी झाली, एक नाच झाला. मग फेटा आणि मिशी आली. आवाज नानांचाच होता, पण शब्द दुसऱ्याच कुणाचे. मी पडद्याकडे न बघता गावाकडे बघत होते, आणि मला नाना जे बघत होते तेच दिसत होतं. सरपंचांनी तलाठ्याकडे बघितलं. तलाठ्याने हेडमास्तरांकडे. हेडमास्तर हसले, मग तलाठी हसला, मग हसू एकेका रांगेने मागे सरकत गेलं. बायकांच्या बाजूलाही त्या दिवशी प्रत्येक बाई शेजारणीकडे बघून हसत होती.

माय हसली नाही. ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होती. प्रवेश संपला, टाळ्या वाजल्या, निवेदिकेने नानांचं नाव चुकीचं उच्चारलं. माय पुढे वाकून समोर बसलेल्या मुलाला म्हणाली, "हाऊ कोण व्हता रे? मन्हा हिलाल कव्हय येस?" माझा हिलाल कधी येतो, असं विचारत होती ती.

नाना म्हणाले, "येई ग्या, माय." येऊन गेला.

पुढल्या आठवड्यात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि ज्यांनी कार्यक्रम बघितला नव्हता त्यांची भाषणं. मागे कापडावर लिहिलं होतं की खान्देशचा आवाज मुंबईत घुमला. एका पुढाऱ्याने तर सांगितलं की नानांनी आपल्या मातीची भाषा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवली. मातीची खरी, पण कुठल्या मातीची हे विचारायची सत्कारात पद्धत नसते. नाना उत्तरादाखल उभे राहिले, "आभारी आहे," एवढं वर्गातल्या भाषेत म्हणाले आणि बसले. लोकांना तो विनय वाटला.

मला वाटलं होतं की हे सगळं महिन्याभरात विरून जाईल आणि बकरी पुन्हा धाब्यावर चढेल. झालं भलतंच. लोकांना ओसरीवर जे कळलं नव्हतं, ते हळूहळू आवडू लागलं, कारण ते टीव्हीवर आलेलं होतं. लग्नात नाना उठले की आरोळी यायची, "नाना, ते टीव्हीवालं व्हऊ द्या!" शाळेतली पोरं एकमेकांना 'आवं सायेब' म्हणू लागली. दुसऱ्या वर्षीच्या आखाजीला बायकांनी आग्रह केला म्हणून नानांनी बकरी सुरू केली. पहिली जाऊ कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, दुसरीने गळा काढला, बकरीने चावायला तोंड हलवलं, तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "टीव्हीवालं, टीव्हीवालं!" सगळे हसले. या वेळी कोणीही शेजारी बघितलं नाही. नाना थांबले, अंगावरचा पंचा डोक्याला फेट्यासारखा गुंडाळला आणि त्यांना हवं ते करून दिलं. त्यानंतर माझ्या माहितीत त्यांनी बकरी कधी केली नाही. माय गेली, काकू गेली. धाब्याची घरं जाऊन स्लॅबची आली. नव्या मुलींना बिबड्या दुकानात मिळू लागल्या.

निवृत्तीनंतर नाना धुळ्यात मुलाकडे राहायला आले. मीही तिथेच. आमचा निवृत्त शिक्षकांचा मोबाइलवर एक गट आहे, त्यात सकाळी फुलं येतात आणि संध्याकाळी जुन्या काळच्या टीव्ही कार्यक्रमांच्या चित्रफिती येतात. खाली शेरे असतात: काय ते दिवस, काय ते कलाकार, आता तसं काही राहिलं नाही. मला हे शेरे लिहिणारे आठवतात. त्यातले निम्मे शास्त्रीय नाच सुरू झाला की उठून विडी ओढायला जायचे. आम्हाला ते कार्यक्रम आवडत, कारण दुसरं काही नव्हतं. पण हे गटावर लिहिलं तर लोक मला काढून टाकतील, आणि मग वाढदिवस कळणार नाहीत.

त्या गटावर एक दिवस नानांचा प्रवेश आला. कुणीतरी कुठूनतरी शोधून काढलेला. फेटा, मिशी, 'आवं सायेब'. दीडशे अंगठे आले. मी मोबाइल घेऊन नानांकडे गेले. त्यांनी चित्रफीत बघितली नाही, मी बघत असताना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यात कसं कळायचं बाई? एकच माणूस, आणि तोही मान खाली घालून."

मोबाइलकडे बोट करून त्यांनी विचारलं, "यात आपण घेतलेलं कायम राहतं का?"

"बरंच राहतं."

"मग बकरी एकदा करून ठेवावी म्हणतो. हे राहिलं आणि ते गेलं, असं नको."

मी लगेच मोबाइल धरला. ते उभे राहिले, कंबरेवर हात ठेवला आणि खाली केला. समोर मी आणि कपाट. सुनेला बोलावलं, ती नाशिकची, हौसेने बसली आणि पहिल्याच वाक्यावर म्हणाली, "बिबड्या म्हणजे काय हो मामंजी?" नानांनी समजावून सांगितलं. समजावल्यावर बकरी कसली चावते? ते म्हणाले, "अक्कापुढे करतो. ती एकटी पुरे. तिला काही सांगावं लागणार नाही."

नाना गेले त्याला आता काही महिने झाले. गटावर पुन्हा तीच फेट्याची चित्रफीत फिरली, खाली जोडलेले हात. शोकसभेतही पडदा लावून तीच दाखवली. लोकांनी डोळे पुसले. म्हणून अक्काकडे आम्ही गेलो होतो तो दिवस मला लिहून ठेवायचा आहे.

थंडीचे दिवस होते. धुळ्याहून सकाळच्या गाडीने चाळीसगाव, तिथून भुसावळ, तिथून बोदवड. नाना खिडकीशी बसून ओठ हलवत होते. मधूनच जबडा आडवा फिरे. समोरच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला कवळीचा त्रास आहे. भुसावळला चहा घेताना ते एकदम म्हणाले, "मानपानाच्या जागी काकूचं एक वाक्य होतं. आठवत नाही. अक्काला आठवेल. ती मध्ये बोललीच तर बोलू द्या, बंद करू नका."

अक्काच्या दारात अंगण झाडून सडा टाकलेला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर शेजारपाजार बसला होता. अक्का ऐंशीच्या पुढची, वाकलेली, पण आवाज ठणठणीत. कान, डोळे, डोकं सगळं शाबूत. तिने भावाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग त्याला शेजाऱ्यांकडे वळवलं. "हाऊ मन्हा भाऊ. टीव्हीवर व्हता तोच हाऊ!" शेजाऱ्यांनी नमस्कार केले. एका मुलीने मोबाइल काढून दाखवला, त्यात फेटा आणि मिशी होतीच. या गावात अक्काची ओळख तीच होती हे दिसत होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलीला हसलेलं हे गाव. इकडची बोली वेगळी. टीव्हीवरच्या माणसाची बहीण झाल्यापासून कोणी हसलं नव्हतं.

भरीत-भाकरी झाली. हात धुऊन नाना अंगणात आले. मी मोबाइल धरला. अक्का पहिल्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चाल हिलाल, करी दखाड."

नाना तिच्यापुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, बकरी करू का?"

अक्काला ऐकू आलं नाही असं नव्हे. तिने शेजाऱ्यांकडे एकदा बघितलं, मग हसून हात झटकला. "बकरीनं काय कवतिक रे भाऊ? बकरी ते बठ्ठास्ना घर ऱ्हास. टीव्हीवालं कर!" बकरी काय, सगळ्यांच्याच घरी असते, असं तिचं म्हणणं.

"मायवाली बकरी, अक्का."

"हा, हा, ती नंतर. ह्या लोके कव्हयना बसेल शेतस. टीव्हीवालं कर." केव्हाच्या बसलेल्या लोकांकडे तिने हात केला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. बंद करा म्हणाले असते तर मी केला असता. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोक्याला गुंडाळला आणि 'आवं सायेब' म्हणत अंगणात एका काल्पनिक संचाच्या मागे जाऊन वाकले. गुडघे दुखत होते तरी नीट वाकले. लोक हसले. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला, मुलीने पाणी दिलं, आणि पाणी पिऊन ती पुन्हा हसली. नंतर चहा आला, फोटो झाले, आमच्या गाडीची वेळ झाली. बकरीची आठवण अक्काला राहिली नाही, आणि नानांनी ती काढली नाही. निघताना तिने त्यांच्या पिशवीत केळी भरली आणि त्यांच्या गालावरून बोटं मोडली. "भाऊ, आज तू मन्ही इज्जत ठेवी," म्हणाली.

परतीच्या वाटेत नाना केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. चाळीसगावला धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली होती. डब्यात फारशी गर्दी नव्हती. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आमच्या मागोमाग चढली, साधारण नानांच्या सुनेच्या वयाची, शेतातून तशीच आल्यासारखी. तिने गाठोडं बाकावर टेकवलं आणि नानांना विचारलं, "बाबा, धुयानी गाडी हाईच शे का?"

नाना तिच्याकडे वळले. त्यांचे ओठ हलले, थांबले, आणि मग वर्गातला तो स्वच्छ आवाज आला. "होय बाई. धुळ्याला जाणारी गाडी हीच."

बाई एकदम चपापली. पदर सावरला, "बरं साहेब," म्हणाली, बाकावरचं गाठोडं उचलून खाली पायाशी घेतलं आणि स्वतः अंग चोरून पार टोकाला सरकली. नाना थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग साहेबासाठी रिकाम्या झालेल्या त्या जागेवर बसले.